होडीला लावायचं तेल

…उन्हात धरली की ती पिवळी गोळी आतून उजळे, आणि बोटांनी दाबली तर तिच्यातलं तेल हळूच सरके. माई खिडकीपाशी बसून तिच्याकडे बघत होत्या. रविकांतने मुंबईहून लिहिलं होतं— आई, पांढरी गोळी पित्ताची, सकाळी उपाशीपोटी. पिवळी जीवनसत्त्वाची, जेवल्यावर. हिने हृदय झिजत नाही म्हणतात. तरी कणकवलीला जाऊन एकदा कार्डिओग्राम काढून घे.

शेवटची ओळ माईंनी पत्राच्या घडीत ठेवून दिली होती. झिजत नाही हे मात्र लगेच पटलं होतं. लहानपणी वडील होडी वाळूवर ओढून तिला मुशी माशाचं तेल लावत. लाकूड ते पीत राही, पीत राही, आणि तो वास आठ आठ दिवस केसांतून जात नसे… खारं पाणी मग आत शिरत नाही, वडील सांगत.

पण आज पांढरी गोळी घेऊन दोन तास झाले होते, आणि विहिरीवरून कळशी आणताना छातीत जळलंच. पायरीवर टेकल्या, तसं विझलं. तीन आठवडे हे असंच चाललं होतं— चढावर जळायचं, बसलं की विझायचं, डावा खांदा कळशी उतरवल्यावरही जडच. पित्त असं बसल्यावर थांबतं का?

माईंचे यजमान हरिश्चंद्रही असेच टेकले होते. अकरा वर्षांपूर्वी, रापणीचं जाळं ओढून आल्यावर, याच पायरीवर, छातीवर तळवा ठेवून. "जळजळता गो," म्हणाले. घाम केवढा आला होता… मी कोकमाची सोलं भिजत घातली. चोळली, गाळली, जिरं घातलं, गुळाचा खडा घातला. एक पेला दिला, मग दुसरा. डॉक्टरला बोलावू का, असं बाबू भावजींनी दारातून विचारलं, तर मीच म्हटलं— पित्त आसा, उतरात. तिसरा पेला गाळत होते तेव्हा…

माझं हे पित्त असेल, तर त्यांचंही पित्तच होतं. आणि हे जर दुसरं काही असेल—

"माई गो! बांगडे घेतंस काय?" हौसाबाई टोपली घेऊन दारात आली, आणि थबकली. "झिलाच्या सोन्याच्या गोळ्यो खातंस, आणि तोंड बग कसा, सुक्या बांगड्यासारखा!"

"काय नाय गो. पित्त."

"रोजचा कसला ता पित्त? खंय जळता, दाखय बघूया."

माईंचा हात सवयीने पोटाकडे निघाला. वडील तेल लावण्याआधी मुठीने फळी न् फळी ठोकत, कान लावून ऐकत; आतून किड्याने पोखरलेली असली तर तेलाचं भांडं मुकाट्याने बाजूला ठेवत… हे इतकी वर्षं कसं आठवलं नाही? हात मध्येच थांबला. मग वर गेला, आणि हरिश्चंद्रांनी ठेवला होता तिथे टेकला. तळव्याखाली ठोके पडत होते. हौसाबाई काहीतरी विचारत होती, पण माई त्या ठोक्यांनाच कान देऊन बसल्या— पहिल्यांदाच. पिवळी गोळी दुसऱ्या मुठीत तशीच होती.