लेटरकेनीचं गरम हिमलिंग

रविवारी भर दुपारी क्लबच्या हॉलबाहेर साठ-सत्तर बूट-चपला पावसात भिजत पडल्या होत्या आणि आत त्यांचे मालक एका उपड्या ताटाकडे डोळे फाडून बघत होते.

ताटामागे मांडी घालून बसले होते श्री हिमोष्णानंद महाराज. दोन वर्षांपूर्वी ते नुसते प्रताप होते, नर्स बायकोच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आयर्लंडमधल्या लेटरकेनीला आलेले. आता अंगावर भगवी कफनी होती, कफनीच्या आत थर्मल होतं आणि हातात तांब्याचा कमंडलू होता.

"हे केदारच्याही वरचं, तप्तगुहेतलं जल," महाराज म्हणाले. "याला फ्रीज लागत नाही. याला फक्त श्रद्धा लागते. अ‍ॅक्च्युअली केदारची आणि आयर्लंडची फ्रिक्वेन्सी सेम आहे, फक्त लॅटिट्यूड वेगळं. बोला, हर हर..."

"महादेव!"

महाराजांनी ताटावर चिमूटभर विभूती टाकली आणि कमंडलूतून बारीक धार सोडली. पाणी विभूतीला लागलं आणि तिथल्या तिथे गोठलं. आधी पांढरा ढीग झाला, मग बोटभर खांब, मग चांगलं वीतभर लिंग. हॉल हुंकारला. कुणी रडलं, बऱ्याच जणांनी व्हिडिओ काढला.

"हात लावा!"

पहिला हात मुरलीधररावांचा. लावला आणि झटकन मागे घेतला. "प्रभा! अगं, गरम आहे! बर्फ गरम आहे!"

"बर्फ गार असतो, हा आपला अहंकार आहे," महाराज म्हणाले. "वीतभर लिंग उठलं, म्हणजे मार्ग मोकळा. आपल्या जुलैच्या केदार यात्रेवर दरड कोसळणार नाही, ढग फुटणार नाही. ती वेदर अ‍ॅप डिलीट करा. अ‍ॅप सॅटेलाइटवर चालतं. हिमलिंग सॅटेलाइटच्याही वर!"

मुरलीधररावांनी तिथल्या तिथे फोन काढून अ‍ॅप उडवलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी प्रभाताईंनी कपाळाला हात लावला. मुलाकडे सहा महिने राहायला आलेला हा माणूस सत्तरीचा, हृदयात दोन स्टेंट, आणि निघालाय ऐन पावसाळ्यात साडेअकरा हजार फुटांवर, एका बर्फाच्या भरवशावर.

घरी त्यांनी मुलाला गाठलं. देवदत्त हॉस्पिटलात डॉक्टर.

"देवा, तू सांग ना त्यांना."

"सांगितलं गं आई. बाबा म्हणाले, तुझा ईसीजी कागदावर, महाराजांचं लिंग डोळ्यांसमोर. मी काय बोलणार?"

"बरोबरच आहे त्यांचं," प्रभाताई म्हणाल्या. "डोळ्यांसमोर दिसलंय ते डोळ्यांसमोरच खोडायला हवं."

पण खोडणार कसं? कराडच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं नववी-दहावीला शास्त्र शिकवलं होतं, तरी गरम बर्फ काही त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

उत्तर मिळालं ते मैदानावर. बुधवारी नात स्वरांगीची कॅमोगीची, म्हणजे मुलींच्या हॉकीसारख्या आयरिश खेळाची, मॅच होती. जून महिना, तीन स्वेटर, आणि तरी प्रभाताईंचे दात वाजत होते. शेजारच्या मॉरीनबाईंनी खिशातून पारदर्शक द्रवाची एक पिशवी काढली, आतली धातूची टिकली बोटाने टचकन वाकवली आणि पिशवी प्रभाताईंच्या हातात ठेवली. संधिवाताची बोटं शेकायला त्या नेहमी जवळ बाळगत.

टिकलीपासून पांढरी लाट निघाली. बघता बघता सगळी पिशवी गोठली, कडक झाली. आणि गरम.

प्रभाताई तीनताड उडाल्या. "हिमलिंग!"

"ग्रँड, इजंट इट?" मॉरीनबाई म्हणाल्या. "उकळत्या पाण्यात टाकलं की पुन्हा पातळ होतं."

पिशवीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: सोडियम अ‍ॅसिटेट. म्हणजे व्हिनेगर आणि खायचा सोडा! मॅच स्वरांगीच्या टीमने जिंकली. आजीने एकही गोल पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या आठ बाटल्या घरात आल्या. सोडा घातल्यावर भांडं फसफसून उतू गेलं, मग तासन् तास ते आटवणं. घराला असा वास सुटला की स्वरांगी नाक धरून म्हणाली, "आजी, द हाउस स्टिंक्स, लाइक."

"अगं, काय चाललंय?" मुरलीधररावांनी विचारलं.

"लोणचं!"

पहिलं भांडं निवता निवता दगड झालं. दुसऱ्यांदा प्रभाताईंनी द्रावण गाळलं, स्वच्छ बाटलीत भरून झाकण लावलं आणि हलू न देता गार केलं. ते पाण्यासारखं नितळ राहिलं. त्यात आधीच्या दगडाचा कण टाकला आणि बाटली खटकन गोठली. आता त्यांना मॉरीनबाईंच्या टिकलीचं काम महाराजांकडे कोण करत होतं ते कळलं. विभूती! त्या राखेत याच क्षाराचे कण मिसळलेले असणार.

पुढच्या रविवारी यात्रेकरूंच्या बायकांना पूजेची तयारी करण्याचा मान होता. प्रभाताईंनी ताट घासून, धुऊन, कोरडं केलं. विभूतीची डबी पदरात लपवली आणि तिच्या जागी तशीच दुसरी ठेवली, घरच्या देवापुढच्या उदबत्तीच्या राखेची.

महाराजांनी चिमूट टाकली, धार सोडली. "हर हर..."

"महादेव!"

पाणी ताटावरून वाहिलं, चौरंगावर आलं आणि महाराजांच्या मांडीवर ओघळलं. महाराजांनी आणखी ओतलं. कफनी आणखी भिजली.

"लिंग उठलं नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हणजे मार्ग बंद! दरड येणार!"

"नाही, नाही!" महाराज घाबरून म्हणाले. "मार्ग मोकळाच आहे! बुकिंग झालंय! आज हिमलिंग जरा... डाउन आहे. मेंटेनन्स!"

"महाराज, तुमचीच विभूती घालून बघते," म्हणत प्रभाताई उठल्या आणि खऱ्या डबीतली चिमूट त्यांनी ओल्या कफनीवर सोडली.

पांढरी लाट मांडीवरून गुडघ्यापर्यंत गेली. कफनी पापडासारखी कडक झाली. महाराज उठायला गेले, ते मांडी घातलेल्या आकारातच अर्धे उठले आणि कडकड आवाज करत पुन्हा बसले.

"गरम! गरम!" ते ओरडले.

"अहंकार असेल," प्रभाताई म्हणाल्या.

हॉलमध्ये कोण आधी हसलं ते कळलं नाही, पण मग कुणी थांबेना. प्रभाताईंनी पिशवीतून आपली बाटली काढली आणि ताटावर धार धरली. वीतभर लिंग उभं राहिलं. "हे तप्तगुहेतलं नाही, देवदत्तच्या किचनमधलं आहे. हे द्रावण गार झालं तरी पातळच राहतं, फक्त एका कणाची वाट बघत असतं. कण मिळाला की गोठतं आणि कोंडलेली उष्णता बाहेर टाकते. मघाशी डबीत माझ्या देवापुढची राख होती. ती चालली नाही. श्रद्धा तुम्हा सगळ्यांची तीच होती, फक्त क्षार नव्हता."

मुरलीधरराव हसले नाहीत.

"चार लोकांत मला मूर्ख ठरवलंस," गाडीत बसताच ते म्हणाले.

"तुम्हाला नाही हो. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, हात लावून खात्री केलीत. फक्त पुढचा प्रश्न विचारला नाहीत. केदारला जायला माझी ना नाही. पाऊस ओसरू दे, देवदत्तला हृदय तपासू दे, मीही येते."

मुरलीधररावांनी यात्रेतून नाव काढलं. चौदा यात्रेकरूंपैकी अकरा जणांनी काढलं. तिघं तरीही गेले.

आणि जुलैच्या त्या आठवड्यात काहीच झालं नाही. दरड नाही, ढगफुटी नाही, लख्ख ऊन. तिघांनी मंदिरासमोरचे हसरे फोटो पाठवले. मुरलीधररावांनी फोन प्रभाताईंच्या नाकासमोर धरला. "बघ! महाराज बरोबर होते."

प्रभाताईंनी फोटो नीट पाहिले. सगळे सुखरूप आहेत याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

"याच्यावरच तर असल्या महाराजांचं चालतं," त्या म्हणाल्या. "पुष्कळदा दरड कोसळत नाही. न कोसळलेल्या प्रत्येक दरडीचं श्रेय ते घेतात, आणि कोसळली तर विचारायला मागे कुणी उरत नाही. अहो, डोंगर कुणाची भक्ती बघत नाही. तो पाऊस किती पडला, उतार किती, पायथा किती खणला एवढंच बघतो. ते मोजणारी माणसं आहेत. चुकतात कधी कधी, पण चुकली की कबूल करतात आणि पुन्हा मोजतात. आपण त्यांचं ऐकावं. आणि चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारावं, हे कशाने होतं?"

मुरलीधररावांनी चष्मा चढवला आणि फोन पुढे केला.

"ते वेदरचं अ‍ॅप परत कसं घ्यायचं गं?"