दादाची सायकल, धाकटीची पाठ

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. निळी, पोलादी, उंच अंगाची. जुन्या सायकली आपली कहाणी सांगायला लागल्या की शेवटी "आम्हाला अडगळीत टाकू नका हो" म्हणून गळा काढतात. माझं दुखणं उलटं आहे. मला बाजूला ठेवायला हवं होतं, आणि कुणी ठेवत नव्हतं.

कारखान्यात माझ्या नळ्या तापवून जोडल्या, रंग फवारला आणि एका दुकानाच्या काचेत मला उभं केलं. तिथून मला एका शिंप्याने घरी आणलं. लांब ढांगांचा, हसरा माणूस. दुकान उघडण्याआधी आम्ही रोज टेकडी ओलांडून यायचो. रविवारी तो मला पुसून साखळीला तेल घालायचा आणि आईची बोलणी खायचा, कारण पुसायला घेतलेलं फडकं हमखास तिच्या स्वयंपाकघरातलं असायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे त्याच्या गुडघ्याने मान टाकली. शिवणयंत्र चालवायचं तर सायकल बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. घर तर यंत्रावर चालत होतं. मग त्याने मला धाकट्या बहिणीपुढे उभं केलं. "घे, आता ही तुझी. जिवापाड जपलीय," म्हणाला आणि घाईघाईने आत गेला. धाकटी त्याच्या खांद्याला जेमतेम लागते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

धाकटी औषधांच्या दुकानात काम करते. तिला लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं वेड. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात आणि ठरलेल्या वेळेच्या आत. आई म्हणायची, "एवढं पळायला मागे कोण लागलंय तुझ्या?"

शिंप्याच्या घरात कपडा टाकत नाहीत. उसवतात, आत घेतात, सैल करतात आणि अंगाला बसवतात. माझंही तेच झालं. सीट आणखी खाली जाईना तेव्हा ती पुढे सरकवली. हँडल जवळ आणलं. नवी चाकं आली, नवी सीटही आली. बदलला नाही तो फक्त माझा सांगाडा, आणि खोट नेमकी तिथेच होती. लोक मला पाहून "वा, जुनं ते सोनं!" म्हणायचे आणि धाकटी कमरेवर हात ठेवून उतरायची. शाबासकी मला, दुखणं तिला.

सायकल दुरुस्तीवाल्याने एकदा स्पष्टच सांगितलं, "ताई, सायकल झकास आहे, पण तुमच्या अंगाला मोठी होते. तुमच्या मापाची नवी घ्या."

"दादासमोर हे बोलू नका हं!" धाकटी दबक्या आवाजात म्हणाली.

"अहो, पाठीचं वाटोळं होईल."

"होऊ दे. ही मी सोडणार नाही."

मला ते ऐकून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत ती पाण्यातून ताजीतवानी बाहेर आली. मग माझ्यावर बसली. परतीच्या वाटेवर तिचे तळवे बधिर झाले, पाठ धरली. पुढे पळायला गेली ती वाकूनच. पळण्याचं चालणं झालं, चालण्याचं बसणं झालं, आणि वेळ संपली. तिला गाडीत घालून आणलं. घरी दादाने विचारलं, "सायकलने दगा नाही ना दिला?"

"छे रे! सायकल मस्त. माझाच सराव कमी पडला."

भिंतीला टेकून मी ऐकत होते. माझ्यापायी ती खोटं बोलत होती, आणि मी आपली चकाकत उभी.

यंदा तिने पुन्हा नाव दिलं. "ही शेवटची हं," आईने बजावलं. दादाने शर्यतीचा पोशाख स्वतः शिवायला घेतला. उभी राहिली की पोशाख नीट बसायचा, माझ्यावर बसली की पाठीत ताणायचा. त्याने शिवण उसवून सैल केला. आता उभ्याने झोळ पडला, आणि माझ्यावर ताण तसाच. मग त्याने मला दुकानातच स्टँडवर चढवलं.

"पाय फिरव," तो म्हणाला आणि जमिनीवर बसला. पहिल्यांदाच तो कपड्याकडे न पाहता तिच्याकडे पाहत होता. ती टाचा उचलून बोटांनी पायडल गाठत होती. हात काठीसारखे ताठ होते.

"कधीपासून दुखतंय?"

"कुठे काय!"

"धाकटे, मी दिवसभर माणसांची मापं घेतो. मला शेंड्या लावू नकोस."

तिला रडूच फुटलं. "तुझी आहे रे ती! एवढ्या हौसेने दिलीस. कुठल्या तोंडाने सांगू?"

"माझी आहे, म्हणून तर माझ्या मापाची आहे. वेडाबाई, कपडा बसला नाही तर मी गिऱ्हाइकाला कापतो का?"

ती रडतारडता हसली. तो मात्र हसला नाही. "आणि मी विचारलं काय, तर सायकलने दगा दिला का. तुझ्या पाठीचं विचारलंच नाही," एवढं बोलून तो कितीतरी वेळ टेपची गुंडाळी करत बसला.

नवी सायकल आली. बुटकी, हलकी, थोडी आगाऊच. धाकटीने तिच्यावर लांब चक्कर मारली आणि उतरून लगेच पळायला गेली. दादा दारात उभा होता. कोपऱ्यावरून ती परत आली ती ताठ पाठीने, कमरेवर हात न ठेवता. तशी ती पळू शकते हे मला माहीतच नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी फोन आला तेव्हा आईने तो दादाच्या हातून ओढून घेतला. "पोचलीस? पायांवर उभी आहेस ना?" पोचली होती, आणि वेळेत पोचली होती. दादा गुडघ्यांत डोकं घालून रडला.

परत आल्यावर धाकटी आधी माझ्यापाशी आली. मला पुसलं, साखळीला तेल घातलं आणि हळूच म्हणाली, "रागावली नाहीस ना गं?"

मित्रांनो, माफी मागायची होती मी, आणि मागत होती ती! मला तोंड असतं तर तिथेच सांगितलं असतं. म्हणून निदान तुम्हाला सांगते. जुन्या वस्तू जपा, त्यांना तेलपाणी करा. पण त्या जपताना अंग दुखायला लागलं, तर खुशाल खाली उतरा. आम्ही रागावत नाही हो.