शेवटच्या सायकलचा पंप

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या! मी एक जुना पंप आहे, सायकलच्या चाकात हवा भरणारा. रंग पोपडे उडालेला हिरवा, मूठ लाकडी, आणि दट्टा ओढला की खोकणारच! पनवेलला निशाच्या आजोबांच्या सायकलच्या दुकानात माझी उमर गेली. शाळेची पोरं माझ्यासाठी रांग लावायची. मग विजेवरचा पंप आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

निशा आठवीत गेली, तिने सायकलींचा ग्रुप काढला आणि मला खाली उतरवलं. आजोबांनी एकच नियम घातला, "पंप शेवटच्या सायकलवर. पुढच्याची हवा गेली तर मागचा येऊन पोचतोच. मागच्याची गेली तर पुढच्यांना कळतही नाही." म्हणून दर रविवारी निशा सगळ्यांच्या मागे आणि मी तिच्या कॅरिअरवर. काय थाट होता माझा!

त्या रविवारी ओवे गावाला जायचं ठरलं. निशाच्या वर्गातली प्रमिला पहिल्यांदाच येत होती, डोंगराकडच्या वाडीतून. सायकल तिच्या बाबाची, हवा भरली तरी मागचं चाक तासाभरात बसणारं. तिने निघतानाच सांगितलं, "मला बाराच्या आत घरी पोचायचाच हाय हां. बाबा याच सायकलवर खारघरला कामाला जातो. उशीर झाला तं मुकादम घेत नाय."

"अगं, अकरालाच पोचशील! पंप आहे ना आपला!" निशा म्हणाली. मी केवढा फुशारलो!

जाताना नुसती धमाल. कापलेली भातशेतं, मध्येच उंच इमारती, पुन्हा शेतं. ओव्याला झाडाखाली डबे उघडले. प्रमिलाची सुकटीची चटणी सगळ्यात आधी संपली.

परत निघताना ग्रुपमधला निकेश म्हणाला, "निशा, तू काय मालगाडीची गार्ड आहेस? कायम शेवटी!"

"गार्ड? थांब, दाखवते तुला!"

आणि निशा सुटली. प्रमिलाच्या चाकात हवा भरायची राहूनच गेली. थोड्या वेळाने मागून हाक आली, "निशाऽ, थांब ना गं! चाक बसलं!" मी कॅरिअरवर खडखड खडखड केलं. पण शर्यतीत पंपाकडे कोण लक्ष देतंय?

नाक्यावर सगळे थांबले, वडापाव खाल्ले. "येईल गं," निकेश म्हणाला. बारा वाजायला आले तेव्हा कुठे निशा मागे फिरली. प्रमिला भर उन्हात सायकल ढकलत येत होती. रागावली नाही. "भर हवा," एवढंच म्हणाली.

वाडीत तिचा बाबा, शुक्रा, डब्याची पिशवी घेऊन रस्त्यावरच उभा होता. त्याने उन्हाकडे पाहिलं. "आता नाय घेत ते," म्हणाला आणि पिशवी आत घेऊन गेला.

पुढच्या रविवारी निशा मला घेऊन एकटीच वाडीत गेली. "चुकलं गं माझं," म्हणत तिने ते चाक टणक होईपर्यंत भरलं.

"माझा राग नाय गं," प्रमिला म्हणाली. "पण मी आता बाबाकडं सायकल मागनार नाय. तुमी जावा."

चाक भरलं, पण सायकल कुडाला टेकून उभीच राहिली.

मित्रांनो, मला तेल नाही दिलंत तरी चालेल. माळ्यावर टाका, माझी तक्रार नाही. पण एकत्र निघालात तर मागची हाक ऐका. त्या दिवशी ती मी ऐकली होती. माझ्या एकट्याच्या ऐकण्याचा काय उपयोग झाला, सांगा?