मुका पाय

ये, बस इथं. चहा राहू दे, दारूच ओत. पेकिंगच्या जुन्या मालाच्या गल्लीत चाळीस वर्षं काशाची भांडी सांधली मी, पण एका भांड्याची गोष्ट तीस वर्षं मनातच ठेवली. आज तुला सांगतो.

रोंगबाईनं ते आमच्या दुकानात विकायला आणलं. नवरा गेलेला, पोरीला डॉक्टरकी शिकायला धाडायची होती. तीन पायांचं भांडं, पोटावर डोळे वटारलेलं तोंड. तीन हजार वर्षांमागं राजेलोक त्यात वाडवडलांसाठी मटण शिजवायचे. बघायला तिघं शौकीन आले. त्यातल्या क्वाय मालकांनी नखानं टिचकी मारली. पोट घुमलं, दोन पाय घुमले, तिसरा मुकाच.

"बाई, हे परवाच्या भट्टीतलं दिसतंय," ते म्हणाले. "पोरीला सांगा, डॉक्टरकी राहू दे, भांडी घासायला शिक."

बाकीचे दोघं हसले, टोप्या उचलल्या. रोंगबाईनं मान खाली घातली.

मी कोपऱ्यातून उठलो. "कान चांगलाय मालक तुमचा. तीस वर्षांत तुम्हीच पहिले. त्या पायाचा जोड माझाय."

"म्हणजे बनावट, कबूल?"

"जोडापुरतं."

आमच्यात माल हातातून हातात देत नाहीत. एकानं टेबलावर ठेवायचा, मग दुसऱ्यानं उचलायचा. फुटला तर कुणाच्या हातून, हा वाद नको. बाईचा नवरा नि मी, दोघं जवान, दोघं प्यालेले. त्यानं हे भांडं सरळ माझ्या हातात दिलं. पडलं, पाय तुटला. मी असा सांधला, की त्याच्या घरात कुणाला पत्ता नाही.

"बोलायला काय जातंय," क्वाय म्हणाले.

मी चिंधी कडक दारूत भिजवली. माझ्या हातचं सगळ्यात सुरेख काम होतं ते. पायावर फिरवली, तसा हिरवा रंग चिंधीवर आला नि जोड उघडा पडला. मग दुसरी कोरी चिंधी भिजवून पोटावर घासली, दम लागेस्तोवर. पांढरी ती पांढरीच. जमिनीनं चढवलेला रंग दारूला भीत नसतो.

क्वाय मालकांनी बाईच्याच भावात घेतलं.

"तीस वर्षं माझ्या हातचं जेवलात भावजी," रोंगबाई म्हणाली, "आणि मूग गिळून बसलात."

पोरगी आता डॉक्टर आहे. माझे गुडघे तीच बघते.

ओतलीस? मग एक कर. पेला माझ्या हातात देऊ नको. टेबलावर ठेव, मी उचलतो.