खटक्याची जागा

मला कुणी काही शिकवलं नाही. फर्निचरच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली. तिथला सुपरवायझर मशीनचं सेटिंग करताना आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा, जणू अंघोळच करतोय. त्याच्या कोपरांच्या हालचाली बघून मी शिकलो. एक दिवस सगळ्या खात्यासमोर त्याला म्हणालो, "तू दडवतोस ते ज्ञान नाही, तुझी भीती आहे," आणि गेटबाहेर पडलो. "परत येशील," तो मागून म्हणाला. चार वर्षं झाली, ते दोन शब्द अजून कानात खिळ्यासारखे ठोकलेले आहेत.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी राउटर मशीन उभं केलं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन ती लाकडात कोरतं. कोरणारं बारीक हत्यार म्हणजे बिट. ते गरगरवणारी, दुधाच्या बाटलीएवढी मोटर म्हणजे स्पिंडल. आणि त्या मोटरने किती वेगाने फिरायचं ते ठरवणारा भिंतीवरचा डबा म्हणजे ड्राइव्ह. मिनिटाला चोवीस हजार फेरे. डबा मेला की मोटर नुसतं वजन.

पहिला डबा तीन आठवड्यांपूर्वी मेला. फट् झालं, करपल्याचा वास आला, आकडे विझले. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "तुम्हीच काहीतरी केलं असणार." अरे, काय केलं तेच विचारतोय ना? तर फोन बंद. सोबत आलेली पुस्तिका अशी, की लिहिणाऱ्यालाही वाचता येऊ नये.

दुसरा आणला. हा गेला तर तिसरा आणायची ताकद नव्हती. वाचनालयाच्या दारांचे बारा पॅनेल आठ दिवसांत कोरून द्यायचे होते. ते जमलं नाही तर पुढचा रस्ता मला पाठ होता. सरळ त्या गेटपर्यंत.

बाबांबद्दल आधी सांगायला हवं. बाबा सुतार. उजव्या हाताची दोन बोटं गोल करवतीने नेली, तेव्हा मी चौथीत होतो. खटका लांब होता, हात पोचला नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यातून घरात एकच कायदा झाला: मोटरची वायर तोडणारा खटका मोटरपाशी, हाताशी पाहिजे. आमच्या मिक्सरलासुद्धा तसा एक लावलेला आहे. साहजिकच राउटरलाही होता. ड्राइव्हकडून स्पिंडलकडे जाणाऱ्या तीन वायरींच्या मधोमध, टेबलाच्या कडेला, लाल मुठीचा दणकट खटका. बाबांच्या त्याच जुन्या करवतीवरून काढलेला. दुसरा ड्राइव्ह बसवताना मी सगळ्यात आधी तो जोडला.

बाबांची अजून एक सवय. कुठलंही मशीन बंद झालं की ते ओठातल्या ओठात आकडे मोजतात. पिठाची गिरणी असो, पंखा असो. आई होती तेव्हा म्हणायची, "ह्यांची शाळा अजून सुटली नाही."

रविवारी दुपारी बायको शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताईला बोलावलंय."

"कशाला?"

"लिफ्टमध्येही असाच डबा असतो म्हणे."

"मला कळतं सगळं."

"कळतं म्हणून तर एक जळला."

बायकोची मोठी बहीण लिफ्ट दुरुस्त करते. वीस वर्षं करते. आणि मी नऊ वर्षांपूर्वी, लग्न ठरलं तेव्हा, दोन्ही घरं समोरासमोर बसलेली असताना म्हणालो होतो, "बाईने दुरुस्त केलेल्या लिफ्टपेक्षा मी आपला जिन्याने जाईन." सगळे हसले होते. ती सोडून. तेव्हापासून आमच्यात "बरंय ना?" आणि "चाललंय" यापलीकडे शब्द नाही. माझं तोंड असंच आहे. त्याच तोंडामुळे कारखाना सुटला, त्याचा अभिमान आहे. ह्याचा नाही.

ती आली. खांद्याला हत्यारांची पिशवी, पायात जाड बूट. बाबांना म्हणाली, "काका, बसा, उठू नका." मला म्हणाली, "बरंय ना, जावईबापू?"

"चाललंय," मी म्हणालो, आणि ते सिद्ध करायला मशीन चालू केलं. स्पिंडल चढत चढत शिट्टीसारखी वाजू लागली. वा, म्हटलं, आता बघ. ऐटीत लाल मुठीकडे हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं.

"हात लावू नका त्याला."

तिने ड्राइव्हवरचं बटण दाबून मोटर बंद केली. शिट्टी उतरली, आवाज जवळजवळ संपला, तरी स्पिंडल आपली फिरतच राहिली. कोपऱ्यात स्टुलावर बाबांचे ओठ हलत होते. थांबली तेव्हा ते पुटपुटले, "अडतीस."

तिने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"ठेवा तो. दहा मिनिटं कुणी डब्याला हात लावायचा नाही."

"मेन बंद केलाय की तुम्हीच."

"मेन बंद आहे, डबा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये झटका साठलेला असतो. आमचा एक माणूस थांबला नव्हता."

"मग?"

"मग आता डाव्या हाताने सही करतो."

बसलो. दहा मिनिटं बसून राहणं हे माझ्यासारख्याला शिक्षाच. बायकोने चहा आणला. ताईने पुस्तिका चाळली, माझ्या वहीतले आकडे वाचले.

"चारशे हर्ट्‌झ बरोबर भरलंय. बहुतेक लोक नेहमीची मोटर समजून पन्नास ठेवतात आणि स्पिंडल भाजून काढतात. कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"हं," ती म्हणाली. त्या एका 'हं'ने माझी छाती किती फुगली ते बायकोने पाहिलं, आणि कपात तोंड घातलं.

"पहिला कसा गेला ते सांगू?" ताईने विचारलं. "खटका खाली ओढला, मोटर थांबली, काहीतरी केलं, खटका वर केला. फट्."

बिटमध्ये ढलपी अडकली होती. मी अगदी असंच केलं होतं. "बरोबर," मी म्हणालो.

"ड्राइव्हला कळलंच नाही की मोटर सुटली. तो तिकडे पूर्ण वेगाचा करंट घेऊन उभा. थांबलेली मोटर एकदम त्याच्या गळ्यात पडली. साध्या करवतीला तुमचा खटका शंभर टक्के योग्य, जावईबापू. ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे तो नको. आत्ता तुम्ही ओढला असतात, परत वर केला असतात, तर हाही गेला असता."

ऐकलं. समजलं. आणि तरीही माझं डोकं फिरलं, कारण समजणं वेगळं आणि बापाची बोटं वेगळी.

"खटका निघणार नाही," मी म्हणालो. "ड्राइव्ह जळाला तर जळू दे. खटका लांब होता म्हणून ह्या माणसाचा हात गेलाय. तुमच्या लिफ्टमध्ये कुणाची बोटं नसतात."

उत्तर कोपऱ्यातून आलं.

"खटका लांब नव्हता," बाबा म्हणाले.

आम्ही तिघेही वळलो.

"हाताशीच होता. हाच, हा लाल. मी बंदसुद्धा केला होता." ते आमच्याकडे नाही, कपाकडे बघत होते. "आवाज थांबला. पातं थांबलं नव्हतं. फळी काढायला हात घातला."

"मग आम्हाला..."

"काय सांगणार होतो? तीस वर्षांचा सुतार, मशीन बंद करून बोटं घालवली म्हणून? लोक हसले असते. खटका लांब होता म्हणालो. नंतर तेच खरं वाटायला लागलं." त्यांनी उरलेल्या बोटांनी कप फिरवला. "पुढे एकदा मोजलं. त्या करवतीला बेचाळीस लागायचे."

मला राग येणार असं वाटलं, मी वाटही पाहिली. सुपरवायझरच्या पाठीवर चार वर्षं थुंकत होतो, आणि एक पाठ आमच्याच घरात होती. पण ती माझ्यापासून काही दडवायला वळलेली नव्हती. ते आकडे त्यांनी इतकी वर्षं आमच्यासमोरच मोजले, आम्हीच कधी विचारलं नाही. बायकोने उठून त्यांच्या हातातला कप घेतला.

"काका," ताई म्हणाली, "मग आपल्याला वायर तोडणारा नाही, पातं थांबवणारा खटका पाहिजे. झाली दहा मिनिटं. जावईबापू, घ्या तुमचा स्क्रूड्रायव्हर."

तिने झाकण उघडलं आणि मीटर लावून आत झटका उरला नाही ना ते तपासलं. मग शेजारी मला उभं केलं. पाठ केली नाही. ती थोडी कडेला सरकून उभी राहते, समोरच्याला दिसावं म्हणून. हे मी इतक्या वर्षांत कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

आम्ही खटक्यातून स्पिंडलच्या वायरी सोडवल्या आणि स्पिंडलची केबल थेट ड्राइव्हला नेली. जाळीवाली केबल होती. जाळी अर्थिंगला कशी आवळायची, ते तिने माझ्याकडूनच दोनदा करून घेतलं. लाल खटका मी गुपचूप बाजूला ठेवला.

"तो कुठे चालला? परत लावा, आहे तिथेच," ती म्हणाली. "आता त्यातून करंट जाणार नाही, निरोप जाईल."

खटक्यापासून दोन बारीक वायरी ड्राइव्हवरच्या, थांबायचा निरोप घेणाऱ्या जागांवर गेल्या. खटका ओढला, किंवा ती वायर तुटली तरी, ड्राइव्हने मोटर रोखायची. खटका परत वर केला तरी आपोआप सुरू करायची नाही, हिरवं बटण दाबावंच लागेल. तसं आकड्यांत भरलं. शेवटी तिने पिशवीतून वीटभर लांबीचा, पोर्सेलीनचा एक तुकडा काढला. मोडीत निघालेल्या लिफ्टचा ब्रेक रेझिस्टर. ओहम मोजले, पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडले, आणि ड्राइव्हवर त्याच्यासाठीच असलेल्या, मी निरुपयोगी समजून सोडलेल्या दोन जागांवर जोडायला मला दिला.

"मोटर रोखली की तिची ताकद ह्याच्यात जाऊन जिरते. गरम होतो, लाकडापासून लांब बसवा."

झाकण लावलं. मेन वर केला. हिरवं बटण. शिट्टी चढली.

"काका, तुम्ही या," ताई म्हणाली.

बाबा आले. लाल मूठ त्यांनी तीन बोटांच्या हातानेच धरली आणि ओढली. स्पिंडल गुरगुरली, एखाद्याची मान धरावी तशी, आणि थांबली. खरोखर थांबली. बिटची धार दिसत होती.

"चार," बाबा म्हणाले. मग पुन्हा चालू करायला लावलं. पुन्हा चार. तिसऱ्यांदाही चार.

"आणि लाइट गेली तर?" त्यांनी विचारलं.

"लाइट गेली तर ब्रेक नाही," ती म्हणाली. खोटं बोलून सुटता आलं असतं. "तेव्हा मोजायचं. आणि बिट बदलताना भिंतीवरचा मेन बंद करायचा, निरोपावर विसंबायचं नाही."

"बरोबर," बाबा म्हणाले. एका कारागिराने दुसऱ्याला म्हणावं तसं.

ती हात पुसत होती. आभार मानायची सवय नसली की शब्द गंजलेल्या नटासारखे अडकतात.

"ताई, तुम्ही आला नसतात तर मी परत त्या गेटवर गेलो असतो. आणि ते नऊ वर्षांपूर्वीचं... मी मूर्खासारखं बोललो होतो."

"पुरे," ती म्हणाली. "एक पाटी करून द्या. माझी पुठ्ठ्याची फाटली."

"काय लिहू?"

"लिफ्टचं काम चालू आहे," ती सावकाश म्हणाली, माझ्या तोंडाकडे बघत. "जिना वापरा."

बायको शेडबाहेर पळाली. तिचं हसू स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत गेलं. बाबांना ते जुनं बोलणं आठवलं नाही, तरी तेही हसले.

बारा पॅनेल सातव्या दिवशी वाचनालयात पोचले. पण नव्या ड्राइव्हवरचं पहिलं काम ते नव्हतं. पहिली ती पाटी, सागाची, खोल अक्षरांची. मागची बाजू कोरी राहिली म्हणून मी तिच्यावरही कोरलं: 'लिफ्ट सुरू झाली आहे. निर्धास्त बसा.' न्यायला आली तेव्हा तिने दोन्ही बाजू वाचल्या.

"मागची बाजू कुणी सांगितली होती?"

"कुणी नाही."

"हं," ती म्हणाली, आणि पाटी ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवली.

बाबा आता रोज शेडमध्ये येऊन बसतात. मशीन थांबलं की अजून मोजतात. चारला संपतं. मग तोंड थोडं उघडंच राहतं, पुढचे चौतीस आकडे कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखं, आणि ते इकडेतिकडे बघून म्हणतात, "चहा झाला का रे?"