मागच्या सीटखालचा आवाज

संस्थळावरच्या त्या धाग्यावर एकतीस प्रतिसाद होते. तेवीस कामाचे, आठ अवांतर. आठांपैकी चार विनोद, एक जाहिरात, एका गृहस्थांनी लिहिलेली साडूच्या ट्रॅक्टरची हकीकत, आणि दोन खुद्द धागा काढणाऱ्याचे. आठही तिने एकेक करून टोपलीत टाकले. मग धाग्यावर कुलूप लावलं, वर लिहिलं, ‘प्रश्न सुटला’, आणि तो पहिल्या पानाच्या माथ्यावर टांगला. नव्या सभासदांनी बघावं, धागा कसा असतो.

गाड्यांच्या देखभालीची चर्चा चालणाऱ्या त्या संस्थळाची ती संपादक; तिथे तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. कात्री बाई आहे, एवढंसुद्धा तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्याआधी तिथे नुसता बाजार भरायचा. कुणी ब्रेकचं विचारावं, तर दहाव्या प्रतिसादाला सासऱ्याच्या गुडघ्यावर चर्चा. तिने सहा महिन्यांत सगळ्यांना सुतासारखं सरळ केलं. लोक कुरकुरले, पण उत्तरं मिळायला लागली तशी कुरकूर थांबली.

धागा होता ‘मागच्या सीटखालून भर्र आवाज’. लिहिणाऱ्याचं टोपणनाव ‘जुनी डबी’. गाडी एकोणीस वर्षांची, पेट्रोलवरची. बाराव्या प्रतिसादात त्याने लिहिलं होतं, ‘मुलगी मागे बसते. लांब गेलो की डोकं दुखतं म्हणते, घरी आल्यावर तासाभरात बरी होते. आवाजाचा आणि याचा काही संबंध असेल का?’ तिने ते उडवून खाली लाल अक्षरात लिहिलं, ‘दुखणीखुपणी डॉक्टरांना विचारा. धाग्याला धरून राहा.’ त्यावर त्याचा दुसरा अवांतर प्रतिसाद आला: ‘माफ करा. पुन्हा होणार नाही.’ तोही तिने उडवला. मग कुणीतरी सुचवलं, सीटखाली फेल्टचं जाड कापड घाला. त्याने तीन थर लाल दोऱ्याने शिवून घातले, फोटो टाकला, लिहिलं, ‘आवाज गेला. सर्वांचे आभार.’

याला आठ महिने झाले होते.

दिवसा ती धूर तपासायची. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली, आत मशीन, प्रिंटर, एक खुर्ची. मशीनची नळी सायलेन्सरच्या तोंडात खुपसायची, आकडा यायचा, दाखला छापून द्यायचा. भिंतीवर तिनेच चिकटवलेला एक तक्ता होता, खोलीत काम करणाऱ्याच्या स्वतःच्या जिवासाठी. कार्बन मोनॉक्साइड, बंद जागेत: ०.०२ टक्के, डोकेदुखी. ०.०४, तीन तासांत जिवाला धोका. त्याला रंग नसतो, वास नसतो, असं खाली लिहिलं होतं.

अकरा वाजता एक जुनी गाडी आली. चालवणारा उतरला तो बडबडतच.

“ताई, पटकन दाखला द्या बघू. गिऱ्हाईक उंबऱ्यावर उभं आहे. आमच्या दाजींचा विचार बदलायच्या आत सौदा उरकायचाय.”

दाजी दुसऱ्या दाराने उतरले आणि गाडीपासून चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. पन्नाशीचे असतील किंवा चाळिशीचे. नीट सांगता येत नव्हतं.

तिने नळी लावली. मोनॉक्साइड दीड टक्का. जुन्या गाडीला तीनपर्यंत सूट, म्हणजे गाडी पास. पण शेजारचा आकडा तिला खटकला. कार्बन डायऑक्साइड तेराच्या आसपास हवा, तो नवावर अडला होता. तिने नळी काढून पुन्हा लावली. नऊच.

“सायलेन्सरला मध्येच कुठेतरी भोक पडलंय,” ती म्हणाली. “बाहेरची हवा आत मिसळतेय.”

“काय सांगता! भोक असतं तर गाडी कशी बोंबलली असती. ही बघा, मांजरासारखी घुरघुरतेय.”

“आवाज होता,” दाजी लांबूनच म्हणाले. “मी बंद केला.”

तिने मागचं दार उघडून सीट उचलली. खाली करडं फेल्ट होतं, तीन थर, लाल दोऱ्याने शिवलेलं. टाके एकसारखे, मेहनतीने घातलेले. ते बाजूला केलं. खालच्या पत्र्यात रुपयाएवढं भोक होतं, त्याचं रबरी बूच कधीच गळून पडलेलं. भोकातून सायलेन्सरची गंजकी नळी दिसत होती, आणि नळीला बोटभर चीर.

तिने फेल्ट बाहेर काढून ठेवलं.

“पोरं किती आहेत घेणाऱ्याला?” तिने विचारलं.

“तीन. मागे मावतील आरामात.” मेहुण्याने आवाज खाली आणला. “यांची एकुलती होती. फेब्रुवारीत गेली. मावशीकडे निघाले होते, सहा तासांचा रस्ता. थंडी म्हणून काचा लावलेल्या. मागे झोपली ती उठलीच नाही. पुढे बसलेल्या माझ्या बहिणीलाही मळमळत होतं, पण तिला गाडी लागतेच नेहमी. डॉक्टर म्हणाले, हृदय नाजूक असेल जन्मापासून. नऊ वर्षांची होती हो.”

नुसतं ‘पास’ म्हणून दाखला फाडून देता आला असता. नाहीतर ‘नापास’ म्हणून गाडी भंगारात धाडता आली असती, म्हणजे ती तीन पोरं वाचली असती आणि कुणाला काही सांगावंही लागलं नसतं. दुसरा विचार तिने बराच वेळ केला. मग ती दाजींकडे चालत गेली.

“तुम्ही जुनी डबी ना?”

त्यांनी मान वर केली.

“मी कात्री.”

मेहुणा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. “कोण कात्री? काय चाललंय?”

दाजींनी उघड्या दाराकडे पाहिलं, उचललेल्या सीटकडे, बाहेर काढून ठेवलेल्या फेल्टकडे. खोलीच्या दारातून भिंतीवरचा तक्ता दिसत होता. तो त्यांनी वरून खालपर्यंत वाचला.

“मी विचारलं होतं,” ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच तिला सोसेना. “तुम्ही नको म्हणालात. मला वाटलं, जाणकार माणसं आहेत, संबंध असता तर बोलली असती.”

“मी वाचलं होतं. वाचूनच काढलं.”

“अहो दाजी, चला तुम्ही,” मेहुणा त्यांचा दंड धरत म्हणाला. त्याचा फोन वाजायला लागला होता. “गिऱ्हाईक आहे. काय सांगू?”

“गाडी विकायची नाही म्हणून सांग.” त्यांनी दंड सोडवून घेतला. मग तिला म्हणाले, “मोजा.”

“काय?”

“आतलं. मोजता येतं ना तुमच्या मशीनवर? मग मोजा.”

तिने फेल्ट पुन्हा जसंच्या तसं अंथरलं, सीट बसवली. नळी घेऊन दारात थांबली. दाजी पहिल्यांदाच गाडीजवळ आले. आत हात घालून त्यांनी सीटच्या उजव्या कोपऱ्यावर तळहात टेकवला.

“इथे डोकं ठेवायची.”

तिथे तिने नळीचं टोक चिकटपट्टीने बसवलं. काचा लावल्या, दाराच्या फटीत फडकं कोंबलं. मेहुण्याने किल्ली फिरवली आणि तो उतरला. तिघंही बाहेर उभी राहिली. इंजिन घुरघुरत होतं.

सुरुवातीला ०.००. पाचव्या मिनिटाला ०.०१. दहाव्या मिनिटाला ०.०३. दाजी आकड्यावरून नजर काढत नव्हते. पंधराव्या मिनिटाला ०.०५. विसाव्या मिनिटानंतर आकडा हलेना, तेव्हा तिने बटण दाबलं. प्रिंटरने नेहमीसारखा कागद सोडला.

कार्बन मोनॉक्साइड: ०.०६ टक्के. मर्यादा: ३.०० टक्के. निकाल: उत्तीर्ण.