बंद दारामागच्या उड्या

माझे कान फार तिखट आहेत, असं आमच्या जिन्यातली सगळी बिऱ्हाडं म्हणतात. कुणाची कडी लागली, कुणाचा नळ गळतोय, मला घरात बसून कळतं. त्याच कानांनी माझं वाटोळं केलं.

माझी मुलगी अकरा वर्षांची. जन्मापासून तिच्या छातीत गोंदासारखा चिकट कफ साठतो. हा आजार बरा होत नाही, नुसता सांभाळायचा. औषधं, वाफ, आणि सकाळ-संध्याकाळ तो कफ हलवून बाहेर काढायचा. काढला नाही तर तो आतच सडतो आणि फुप्फुस कायमचं निकामी करतो. लहान होती तेव्हा मी तिला मांडीवर पालथी घालून पाठीवर थापट्या मारायची. मोठी झाली तशी लाजायला लागली. मग इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी ट्रॅम्पोलीन घ्यायला सांगितलं. घरात मावेल असं, छोटं, गोल. बाई म्हणाल्या, "उड्या मारल्या की श्वास खोल जातो, कफ सुटतो, खोकल्याबरोबर वर येतो. शिवाय पायात ताकद येते, तोल सुधारतो, हृदयाला चांगलं, साखर ताब्यात राहते. आजोबा, तुम्हीसुद्धा करून बघा." आणि हसल्या. आम्हीही हसलो.

आजोबा म्हणजे माझे सासरे. साखरेचं दुखणं, गुडघे कुरकुरणारे, हातात काठी. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली जाऊन वर यायचं तर प्रत्येक वळणावर टेकायचे आणि कठड्याला शिव्या घालायचे. ट्रॅम्पोलीनला ते चाळणी म्हणायचे आणि नातीला बेडकी. नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. माझा नवरा ट्रकवर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो. त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

मी शिवणकाम करते. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कुणाचं पोट सुटलं की ब्लाऊजची शिवण उसवायची. बाहेरच्या खोलीत माझं मशीन आणि आतल्या खोलीत चाळणी. संध्याकाळी गिऱ्हाईकं यायची आणि नेमकी तीच तिच्या उड्यांची वेळ. एकदा ती म्हणाली, "आई, दार लावू दे ना. मी थुंकते ते बाहेर ऐकू येतं." मला पटलं. पोरीलाही अब्रू असते. दार लागलं, पुढे सकाळीही. आत लक्ष ठेवायला आजोबा.

मी मशीनवरचा पाय उचलायची आणि ऐकायची. स्प्रिंगांचं कुरकुर-धप्प, कुरकुर-धप्प. चाललंय म्हटलं की परत पाय खाली. सुरुवातीला उड्या थांबल्या की खोकल्याची उबळ यायची, अशी की गिऱ्हाईक मापं देता देता मागे सरायचं. पुढे पुढे उबळ कमी झाली. धप्प मात्र दणदणीत व्हायला लागलं. मला वाटलं, अंगात जोर आला, छाती मोकळी झाली. मी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची, "ऐकताय ना? खोकला नाही आताशा." पोर वाळत चालली होती. शाळेतून आली की जिन्यातच बसायची. उंची वाढतेय, म्हटलं. रात्री खोकायची, ते मी हवेवर ढकललं.

मग दोघांची तपासणी एकाच दिवशी आली. आधी सासऱ्यांची. साखरेचे डॉक्टर खूश. "आजोबा, काय जादू केलीत? साखर खाली आली, तोल सुधारला. एक गोळी बंद करू या." सासरे खाली बघत बसले. मी म्हटलं, एवढं कौतुक झालंय, हसा की जरा. हसले नाहीत.

नंतर श्वास मोजायला मुलीला नळीत फुंकायला लावलं. व्यायामाच्या बाईंनी पडद्याकडे बघितलं, परत फुंकायला लावलं, परत बघितलं. "रोज उड्या मारते ना ही?"

"रोज, दोन्ही वेळा," मी म्हटलं. "मी स्वतः ऐकते."

बाईंनी कोपऱ्यातलं ट्रॅम्पोलीन पुढे ओढलं. "चढ बाळ. दाखव."

ती चढली. चारदोन उड्यांतच तिचे ओठ निळसर झाले आणि अशी उबळ आली की ती तिथेच खाली बसली. बाई तिची पाठ धरून होत्या. मी सासऱ्यांकडे वळले, पाणी मागायला. ते ताडकन उठून उभे होते. एकटे, सरळ, कशाला न धरता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज काठी घरीच राहिली आहे, आणि ते तीन मजले कुठेही न टेकता उतरले होते.



"बाबा," मी म्हटलं, "दाराआड उड्या कोण मारत होतं?"

पोरगीच धापा टाकत म्हणाली, "आई, त्यांना ओरडू नको. मी सांगितलं होतं त्यांना."

"ती रडायची गं," सासरे म्हणाले. "उडी मारली की छातीत दुखतं म्हणायची. पाया पडायची माझ्या. एक दिवस म्हणून मी चढलो. तुला आवाज आला नसता तर तू आत येऊन तिला रागावली असतीस."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीही रडली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला दया आली, आणि मला येत नाही? मी काय दगड आहे? तिला दुखतं ते मला ठाऊक नाही? रोज तिला रडवायचं आणि जगवायचं, हे माझ्या वाट्याला आलंय, मी ते करते. तुम्ही लाडके आजोबा झालात."

भर दवाखान्यात बोलले. लोक बघत होते, बघू देत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी मी थांबले नाही. अजूनही मला त्याचा पस्तावा नाही.

त्याच आठवड्यात तिला ताप चढला आणि दाखल करावं लागलं. सलाईनमधून औषधं, तोंडावर मास्क, उशाशी मी. मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग बंद पडलाय. तो आता परत चालू व्हायचा नाही. बाकीचं किती दिवस साथ देईल, ते बघू. घरी ऑक्सिजन लागेल." सासरे भिंतीला टेकून ऐकत होते. त्या दिवसापासून त्यांनी जेवण टाकलं. मी ताट त्यांच्यासमोर आदळलं. म्हटलं, "गिळा. जी तब्येत कमावली आहेत ती तिच्या वाटची आहे, मातीत घालू नका."

घरी सोडलं त्या दिवशी नवरा ट्रक घेऊन लांब अडकला होता. गाडीवाल्यानं दाराशी उतरवलं आणि निघून गेला. पोरीच्या नाकात नळी, माझ्या हातात ऑक्सिजनची छोटी टाकी. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "आई, मला नाही जमणार."

मी नुसती जिन्याकडे बघत राहिले. तेवढ्यात सासरे तिच्यापुढे पाठ करून वाकले. "ये बेडकी. बस."

हात लावू नका तिला, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण वर नेणार कोण? मी तिची नळी सोडवून धरली. ती त्यांच्या गळ्यात हात टाकून पाठीवर चढली आणि ते निघाले.

पहिल्या वळणावर ते टेकले नाहीत. दुसऱ्यावरही नाही. पाय असे पडत होते की एकदाही कठडा धरावा लागला नाही.

"आजोबा, दमलात?" तिनं विचारलं. एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं.

"नाही गं," ते म्हणाले, आणि रडायला लागले.

ते खरं बोलत होते. मी टाकी उचलून धापा टाकत होते, पोर पाठीवर बसल्या बसल्या धापा टाकत होती. सासऱ्यांचा श्वास मला अजिबात ऐकू येत नव्हता. मी कान देऊन ऐकत होते. मला त्यांचं तोंडही बघायचं नव्हतं, पण तिची नळी ताणली जाऊ नये म्हणून मला त्यांच्या पावलावर पाऊल टाकत वर जावं लागत होतं.